दीड सूर खाली

"ताई, आज तिसरं कडवं तुम्ही गाऊ नका."

हे वाक्य तिने सकाळी साडेपाचला आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं. मग दात घासताना पुन्हा एकदा. मग जरा साखर पेरून, "ताई, आज तुम्ही विश्रांती घ्या ना," असंही. साखर पेरल्यावर तर ते जास्तच भयंकर वाटलं.

"एकटीच काय पुटपुटतेयस?" पांघरुणातून नवऱ्याने विचारलं.

"तुमच्या वहिनींना सांगायची प्रॅक्टिस करतेय."

"अजून सांगितलं नाहीस? गुरुवारपासून माहितेय तुला!"

"मग तुम्ही सांगा. तुमच्याच सख्ख्या वहिनी आहेत."

पांघरूण पुन्हा डोक्यावर गेलं. या घरातल्या पुरुषांना मोठ्या जाऊबाईंचा विषय निघाला की हमखास झोप यायची.

ती चर्चची ऑर्गनवाली. सहा दिवस एका शाळेच्या कचेरीत हजेऱ्या आणि दाखले लिहायचे, आणि सातव्या दिवशी ऑर्गनवर बसायचं, असं गेली बत्तीस वर्षं चाललेलं. रविवार म्हणजे सुट्टी, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तिच्याबरोबर दिवसभर फिरून बघावं. सकाळी दोन उपासना, मधे चहा, दुपारी क्वायरचा, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचा, सराव, संध्याकाळी पुन्हा उपासना, आणि मग सहभागितेच्या, म्हणजे सगळ्यांनी भेटण्याबोलण्याच्या, नावाखाली पुन्हा चहा. रात्री जेवायला बसली की ताटाच्या कडेवर बोटं आपोआप वाजायची.

मोठ्या जाऊबाई म्हणजे तिच्या थोरल्या दिरांची बायको. एकाच घरात वरच्या मजल्यावर राहायच्या. वय एक्काहत्तर, आणि गेली चाळीस वर्षं क्वायरच्या पहिल्या रांगेत, उजवीकडून पहिल्या. सगळ्यांत वरच्या सुरात गाणाऱ्या बायका सोप्रानो, आणि त्या सोप्रानोंच्या त्या राणी. दर वर्षी या रविवारी संध्याकाळी चर्चच्या स्थापनादिनाची उपासना असायची, आणि तिच्यातल्या शेवटच्या गीताचं तिसरं कडवं जाऊबाईंचं. एकटीचं. बाकी सगळे गप्प. त्या कडव्यात एक सूर असा उंच आहे, की तो लागला की मागच्या बाकावरचे पेंगणारेही ताठ व्हायचे.

तो सूर सात वर्षांपूर्वी गेला.

हे या गुरुवारपर्यंत फक्त ऑर्गनवालीला माहीत होतं. जाऊबाईंना तेव्हा महिनाभर खोकला झाला होता. खोकला गेला, पण जाताना वरचा सूर घेऊन गेला. दोघीच सराव करत असताना एकदा, दोनदा, तीनदा आवाज वर जाऊन फाटला. जाऊबाईंचा चेहरा असा झाला की ऑर्गनवालीच्याने बघवेना.

ऑर्गनच्या डाव्या अंगाला, स्विचच्या खाली, बोराएवढा एक नॉब आहे. तो एक घर फिरवला की अख्खं वाद्य अर्धा सूर खाली उतरतं. कागद तोच, बोटं त्याच पट्ट्यांवर, पण गाणं खाली. तिने गुपचूप एक घर फिरवलं. जाऊबाईंचा सूर लागला. जाऊबाई खूश, क्वायर खूश, चर्चचे तेव्हाचे पाळक खूश. तिने मनात म्हटलं, एवढ्याच रविवारपुरतं.

दोन वर्षांनी दुसरं घर. गेल्या वर्षी तिसरं. आता सगळं चर्च दर रविवारी दीड सूर खाली गात होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. एका माणसाला तेवढा थोडा संशय होता. तो बेस, म्हणजे सगळ्यांत खालचे सूर, गाणारा वायरमन. "म्हातारपणी माणसाचा आवाज खाली जातो म्हणतात," तो म्हणायचा, "माझं म्हणजे गाणंच खाली चाललंय. खालचे सूर काढताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं." सगळे हसायचे. ऑर्गनवाली सगळ्यांत मोठ्याने.

असंच निभावलं असतं. पण गुरुवारी चर्चच्या आताच्या पाळकसाहेबांचा फोन आला. पाळकसाहेब एकतीस वर्षांचे, आणि त्यांना उत्साहाचा आजार होता.

"बाई, रविवारी आपल्याकडे पाहुणा क्वायर येतोय ना, त्यांच्याबरोबर एक सरप्राइज आहे! ट्रम्पेट! शेवटच्या गीताला ऑर्गनबरोबर ट्रम्पेट! कसं वाटतंय?"

कसं वाटणार? ट्रम्पेटला नॉब नसतो. ट्रम्पेटवाला छापील कागदावरून, खऱ्या सुरात वाजवणार. म्हणजे ऑर्गन खऱ्या सुरात. म्हणजे तिसरं कडवं खऱ्या सुरात. म्हणजे भरल्या चर्चमध्ये, पाहुण्यांसमोर, जाऊबाईंचा आवाज फाटणार.

म्हणून ते आरशासमोरचं वाक्य.

*

घरून चर्चपर्यंत चालत पंधरा मिनिटं. तेवढ्यात सांगून टाकायचं असं तिने ठरवलं होतं. पण जाऊबाईंच्या बोलण्यात फट सापडेल तर ना!

"पहाटे उठून वरचा सूर लावून पाहिला," जाऊबाई जिना उतरतानाच सुरू झाल्या. "काय लागलाय म्हणून सांगू! शेजारच्यांनी खिडकी उघडून बघितलं."

घरी वाद्य नव्हतं. त्यामुळे जो सूर लागेल तो वरचाच.

"ताई, मी म्हणत होते—"

"तू काही म्हणू नकोस, तुझा घसा बसलाय. किती वेळा सांगितलं, गरम पाणी पी. आणि ते पाहुणे येणार आहेत ना, त्यांची सोप्रानो कॉलेजातली पोरगी आहे म्हणे. बघू तर खरं. आजकालच्या मुलींना श्वास कुठे घ्यायचा तेच कळत नाही."

"ताई, त्या श्वासावरूनच—"

"रस्ता बघ, रस्ता! सायकल येतेय!"

चर्च आलं.

झगे घालायच्या खोलीत दुसरा प्रयत्न. जाऊबाई कॉलर नीट करत होत्या, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिने तोंड उघडलं, आणि दार उघडलं.

"बाई! दुसरं आणि चौथं गीत अदलाबदल!" पाळकसाहेब. "उपदेशाशी जास्त जुळतं."

"साहेब, उपासना सुरू व्हायला चार मिनिटं आहेत. फलकावर गीतांचे आकडे लागलेत."

"बदललेत मी. जवळपास सगळे."

ते 'जवळपास' चांगलंच महागात पडलं. डावीकडचा फलक बदलला होता, उजवीकडचा तसाच राहिला होता. अर्ध्या मंडळीने एक गीत सुरू केलं, अर्ध्यांनी दुसरं, आणि ती बिचारी जोर लावून दोघांच्या वरून वाजवत राहिली. पाळकसाहेब वेदीपाशी उभे राहून प्रसन्न हसत होते. या माणसाला प्रसन्नतेपासून कोणीतरी वाचवायला हवं, असं तिला वाटलं.

पहिल्या उपासनेनंतरच्या चहाला जाऊबाईंभोवती बायकांचा गराडा.

"या वयात हा आवाज म्हणजे कमाल हं!"

"देवाची कृपा," जाऊबाई डोळे मिटून म्हणाल्या.

अर्धी देवाची आणि अर्धी नॉबची, असं ऑर्गनवालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने त्यावर बिस्किट कोंबलं.

*

साडेतीनला सराव. पाहुणे आले. चोवीस माणसं, सगळ्यांच्या हातात सारख्या निळ्या फायली, सगळे वेळेवर. आपला क्वायर चौदा जणांचा, त्यातले तिघे अजून जेवत होते. ट्रम्पेटवाला बँकेत कारकून होता आणि ट्रम्पेट बाळाला धरावं तसं धरायचा. पिवळी क्लिप लावलेली एक मुलगी जाऊबाईंशेजारी येऊन उभी राहिली आणि "नमस्कार, आजी" म्हणाली.

"आजी म्हणे," जाऊबाई पुटपुटल्या. "श्वास कुठे घेतेस दाखव बघू."

ऑर्गनवालीने ठरवलं होतं की आल्या आल्या आधी नॉब शून्यावर आणायचा. अगदी पक्कं ठरवलं होतं. पण ती बसते न बसते तोच पाळकसाहेबांनी तिच्या हातात चहा दिला, चहा ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिने गीतांचं पुस्तक सरकवलं, पुस्तकातून कागद पडले, ते तिने गोळा केले, आणि तेवढ्यात पाहुण्यांचे मास्तर म्हणाले, "चला, सुरुवातीपासून घेऊ या." तिने बोटं ठेवली.

ट्रम्पेट आणि ऑर्गन एकदम वाजले.

जो आवाज झाला तो शब्दांत सांगता येत नाही. पत्र्यावर खुर्ची ओढावी, आणि त्या खुर्चीवर मांजर बसलेलं असावं, असं काहीतरी. पाहुण्यांतल्या एकीने कानांवर हात ठेवले. ट्रम्पेटवाल्याने ट्रम्पेट तोंडापासून दूर धरून आत डोकावून पाहिलं.

"माझं बरोबर आहे," तो दुखावल्या स्वरात म्हणाला. "तुमचा ऑर्गन उतरलाय."

"ऑर्गन उतरत नाही!" मागून वायरमन गरजला. "विजेवरचा आहे तो! थांबा, मी बघतो!"

"नको, नको, मीच—"

पण वायरमनच्या खिशात रविवारीही टेस्टर असायचा. तो दोन बाक ओलांडून आला, गुडघ्यांवर बसला आणि ऑर्गनच्या डाव्या अंगाला डोकं घातलं.

"हा बघा! सापडला! हा नॉब उणे तीनवर आहे." त्याने तो टक, टक, टक फिरवून शून्यावर आणला आणि विजयी मुद्रेने उभा राहिला. "दीड सूर खाली होतो आपण! मी म्हणत नव्हतो? कित्येक वर्षं विहिरीत उतरलो मी! कोणी केलं हे?"

"झाडलोट करताना फिरला असेल," पाळकसाहेब लगेच म्हणाले. "होतं असं. चला, पुढे!"

वाट आयती मोकळी झाली होती. तिने मान डोलावली. भित्री कुठली, असं स्वतःलाच म्हणत तिने गीत सुरू केलं. पहिलं कडवं खऱ्या सुरात झालं, दुसरंही झालं. ट्रम्पेट थांबलं. तिसरं कडवं.

जाऊबाई एक पाऊल पुढे आल्या. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि त्या सुरापाशी येऊन फाटला. कापड टराटर फाटावं तसा.

"पुन्हा," जाऊबाई म्हणाल्या.

पुन्हा तेच.

चर्चमध्ये अडतीस माणसं ऐकत होती. जाऊबाईंनी पिवळ्या क्लिपकडे पाहिलं नाही, पाळकांकडे पाहिलं नाही. त्या वळून नॉबकडे बघत राहिल्या. मग धाकट्या जावेकडे.

"किती?"

"काय किती, ताई?"

"झाडलोटवालीने रोज बरोब्बर उणे तीनवरच आणून ठेवला होय? किती वर्षं, ते विचारतेय."

"सात," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, पण चर्चची छपरं उंच असतात आणि शांततेत सगळं ऐकू जातं. वायरमनने टेस्टर खिशात ठेवला.

जाऊबाईंनी झगा काढला, व्यवस्थित घडी घातली, बाकावर ठेवला आणि त्या बाजूच्या दाराने निघून गेल्या.

*

त्या सापडल्या सहभागितेच्या हॉलच्या स्वयंपाकघरात. संध्याकाळच्या सँडविचची काकडी चिरत होत्या. काकडीचा जीव जात होता.

"ताई."

खट. खट. खट.

"ताई, ऐकून तरी घ्या."

"दातांच्या डॉक्टरांना गाऊन दाखवलं मी!" सुरी हातातच ठेवून जाऊबाई वळल्या. "माहितेय? गेल्या महिन्यात! त्यांनी विचारलं, तोंड नीट उघडतं का, मी म्हटलं, उघडतं म्हणजे? ऐका! आणि खुर्चीत आडवं पडून गायले! वेटिंग रूममधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! सगळ्या गावाला सांगत फिरले की सत्तरी उलटली तरी माझा सूर जागच्या जागी आहे. आणि सूर जागच्या जागी नव्हताच! तू अख्खी जागाच खाली आणून ठेवलीस!"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून—"

"मग आता कसं वाटतंय मला? छान वाटतंय? अडतीस लोकांसमोर?"

"तुम्हाला सांगायची कोणाची छाती आहे, ताई?" आता तीही भडकली. गुरुवारपासूनचं साचलेलं होतं. "तुम्ही बोलू देता का कोणाला? सकाळपासून तीनदा तोंड उघडलं मी! एकदा गरम पाणी, एकदा सायकल! एकदा पाळक! भाऊजी बोलत नाहीत, तुमचे दीर तर पांघरुणात शिरतात, सगळ्या घराने मला पुढे ढकललंय! मी काय करायचं होतं?"

"सांगायचं होतं."

"घाबरले."

"मला? ज्या बाईने तुला हाताला धरून त्या ऑर्गनवर बसवलं, तिला? लग्न होऊन आलीस तेव्हा चार माणसांसमोर तोंडातून शब्द फुटत नव्हता तुझ्या. पाळकांना मी सांगितलं, हिला बसवा, ही बोलत नाही पण वाजवते."

"म्हणून तर घाबरले," ती म्हणाली, आणि ते एवढं खरं होतं की जाऊबाईंनी उरलेली काकडी पुन्हा पुढ्यात ओढली.

बाहेर घंटा झाली. उपासनेला अर्धा तास.

"तिसरं कडवं," तिने विचारलं. "काय करायचं? नॉब फक्त तेवढ्यापुरता खाली नेता येईल. ट्रम्पेट नाही त्या कडव्याला. पण मग चौथ्याला सगळं धाडकन वर येईल, ऐकणाऱ्याला झटका बसेल. किंवा तुम्ही गाऊच नका. किंवा मग—"

"तू ठरव," जाऊबाईंनी सुरी धुतली. "सात वर्षं तूच ठरवतेयस. मला कधी विचारलं नाहीस."

आणि गेल्या.

*

साडेपाच. चर्च गच्च भरलेलं. ऑर्गनवालीने पहिल्या रांगेत उजवीकडे पाहिलं. जागा रिकामी होती. झगा घडी घातलेला तसाच बाकावर. तिने पाळकांना डोळ्यांनी विचारलं. पाळकांनी उत्तरादाखल अंगठा वर केला. काहीही कळलं नव्हतं त्यांना.

दोन गीतं झाली. उपदेश झाला, चाळीस मिनिटं, आणि त्यातली चाळीसच्या चाळीस ती दाराकडे बघत होती. जाऊबाई घरी गेल्या असतील, वर जाऊन दार लावून बसल्या असतील, उद्यापासून जिन्यात बोलणार नाहीत, परवा भाऊजी येऊन विचारतील की हिला काय झालं. तिचे तळवे ओले झाले. ओल्या बोटांनी पट्ट्यांवरून घसरायला होतं, त्याचाही राग आला.

शेवटचं गीत. ट्रम्पेट झळाळत उठलं आणि पहिलं कडवं छपराला भिडलं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर तिला जाऊबाई दिसल्या.

मंडळीत. चौथ्या बाकावर, मधोमध. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. चाळीस वर्षांत त्या बाजूला बसलेलं तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसरं कडवं संपलं. ट्रम्पेट थांबलं. तिने तिसऱ्याच्या आधीचा लहानसा तुकडा वाजवला आणि थांबली. कोणी गायलं नाही. गाणार कोण? कोणाला सांगितलंच नव्हतं! रिकाम्या जागेकडे सगळा क्वायर बघत होता. तिने तोच तुकडा पुन्हा वाजवला. पाळकसाहेबांचं हसू पहिल्यांदाच जरा हललं. पाहुण्यांच्या मास्तरांनी घाम पुसला. डावा हात नॉबकडे जायला बघत होता आणि तिने तो पट्ट्यांवर दाबून धरला. तिसऱ्यांदा वाजवताना तिने सरळ चौथ्या बाकाकडे पाहिलं. लाज सोडून, डोळे मोठे करून, अगदी केविलवाणं पाहिलं. काय करू? विचारतेय, ताई. आता विचारतेय.

जाऊबाईंनी एक मोठा सुस्कारा सोडला, असा की पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. मग पर्सवरचा एक हात उचलला आणि पिवळ्या क्लिपकडे बोट रोखलं. तू. गा.

मुलगी बावरली. जाऊबाईंनी हनुवटी वर करून, छातीवर हात ठेवून श्वास कुठून घ्यायचा ते दाखवलं. मुलीने श्वास घेतला.

आणि तो सूर लागला. फळीवरचा डबा हात वर करून सहज काढावा, तसा. ऑर्गनवालीला मुलीकडे बघवेना आणि चौथ्या बाकाकडे तर त्याहून नाही. तिने खाली मान घालून वाजवलं. डोळ्यांतलं पाणी पट्ट्यांवर पडून बोटं आणखी घसरली.

*

सहभागितेला हॉलमध्ये ही गर्दी. पाळकसाहेब सांगत होते की तीनदा वाजवलेल्या त्या तुकड्याने केवढं गंभीर वातावरण तयार झालं. "मुद्दाम केलंत ना, बाई? सुंदर!" तिने त्यांना सँडविच दिलं.

जाऊबाई मुलीशी बोलत होत्या. "सूर आहे तुझ्याकडे. पण शब्द गिळतेस. दात दिसले पाहिजेत गाताना." मग त्या धाकट्या जावेकडे आल्या. ती कप घेऊन उभी राहिली, काय ऐकावं लागणार याची तयारी करत.

"तू फार मोठ्याने वाजवतेस."

"काय?"

"बाहेर बसून कळतं. पहिल्या दोन गीतांत शब्द ऐकूच आले नाहीत मला. टेनरचे पुरुष झोपेत गातात. आणि तो वायरमन! शेवटची ओळ तो वेगळीच गातो गं! कुठल्या भलत्याच गाण्याची! इतकी वर्षं मी त्याच्यापुढे उभी, मला पत्ता नाही."

"ताई, कडव्याबद्दल मला खरंच—"

"त्याबद्दल आज नाही बोलायचं मला. रडू येईल, आणि इथे पाहुणे आहेत." जाऊबाईंनी तिच्या हातातला कप काढून घेतला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "पाणचट. बुधवारी सराव किती वाजता?"

"सहाला. येणार तुम्ही? गायला?"

"ऐकायला. मागे बसेन, शेवटच्या बाकावर. तिथून काय काय ऐकू येतं ते बघायचंय मला. सगळ्यांना सांगून ठेव, पेन्सिली घेऊन या म्हणावं. चुका लिहून घ्यायच्यात."

देवा. दर बुधवारी. शेवटच्या बाकावरून. ऑर्गनवालीच्या डोळ्यांसमोर क्वायरचे चौदा चेहरे आले, विशेष करून वायरमनचा.

"आणि त्याला त्या शेवटच्या ओळीचं तू सांग," जाऊबाई म्हणाल्या.

"मी? तुम्ही सांगा ना, ताई. तुमचं ऐकतो तो."

"तो बघ, तिथे उभा आहे, तिसरं सँडविच खातोय. जा. मी इथून बघतेय."